चार जुलैची खमंग काकडी

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला इथले लोक काय खातात, हे तीन वर्षं या देशात राहूनही मला माहीत नव्हतं. टेक्सासमध्ये अर्विंगला, जिथे मी राहते, तिथे आम्ही तिघी मुली चार जुलैला उशिरा उठायचो, वरणभात लावायचो आणि अंधार पडताना आवाज सुरू झाले की खिडकीपासून लांब बसायचो. कुठला आवाज फटाक्याचा आणि कुठला बंदुकीचा, हे आमच्यापैकी कोणालाच ओळखता यायचं नाही. एकदा रूममेट म्हणाली, "पोलिसांना फोन करून विचारू या का?" फोन कोणीच केला नाही. त्या आवाजापेक्षा पोलिसांना फोन करण्याची भीती मोठी होती.

म्हणून यंदा ऋताताईचा फोन आला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. ऋताताई माझी मावसबहीण. सिएटलजवळ बॉथेलला नवरा, सात वर्षांची मुलगी अन्वी आणि सध्या साताऱ्याहून आलेल्या सासूबाई, असं तिचं घर आहे.

"चार दिवस ये," ती म्हणाली. "आमच्या शेजारी डॉनाकडे दर वर्षी मोठा कुकआउट असतो. अंगणात शेगडी, सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा. धमाल असते यार."

"किती लोक असतील?"

"तीस-पस्तीस. का गं? तुला भाजून खाणार आहेत का?"

मी हसले, पण मला खरोखर तसंच काहीतरी वाटत होतं. मी नाशिकला इंग्रजी माध्यमात शिकले. शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, त्यामुळे माझं इंग्रजी चांगलं आहे. लोकांना वाटतं, म्हणजे ही इथे बिनधास्त बोलत असेल. तसं झालं नाही. त्या शाळेत मी मुख्यतः गप्प राहायला शिकले, आणि ते दोन्ही भाषांत सारखंच जमतं.

शेवटी मी तिकीट काढलं. जाऊन आल्यावर माहिती म्हणून हे लिहायला बसले, कारण चार जुलैचं जेवण माझ्यासारख्या बऱ्याच जणींनी पाहिलेलं नसणार. पण माहितीपेक्षा दुसरंच काही सांगावं लागणार आहे.

दोन जुलै, बॉथेल

प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. पासपोर्ट, कॉलेजची पत्रं, कंपनीचं पत्र, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. नोकरी लागून वर्ष झालं होतं, पण व्हिसाच्या लॉटरीत माझं नाव अजून निघालं नव्हतं. देशातल्या देशात विमानाने जाताना एवढं लागत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी ते काढून ठेवू शकले नाही. सुरक्षा तपासणीच्या रांगेत पुढच्या माणसाला बाजूला घेतलं, तेव्हा मी सॅकमधले कागद काढून हातात धरले. त्याच्या बॅगेत फक्त मधाची बाटली निघाली.

बॉथेलला उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती झाडं. टेक्सासमध्ये आकाश चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं असतं, येणारं माणूस लांबून दिसतं. इथे ताईच्या घराला लागूनच काळपट हिरवी, सरळसोट उंच झाडं उभी होती, आणि त्यांच्या मागे काय आहे ते दिसत नव्हतं. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड होता, पण झाडांच्या आत अंधार झालेला होता.

"कधीकधी अस्वल येतं," जिजू गाडीतून माझी सॅक काढत म्हणाले. "घाबरू नका मेव्हणीबाई, ते तुमच्यापेक्षा लाजाळू असतं."

मी रात्री खिडकीची कडी दोनदा तपासली.

तीन जुलै

दुकानात सगळीकडे लाल-पांढरा-निळा रंग होता. कागदी ताटल्या, टोप्या, बिस्किटं, बर्फाच्या कांड्या, सगळं त्याच रंगांत. आपल्याकडे पंधरा ऑगस्टला झेंडा रस्त्यावर पडलेला दिसला तर लोक उचलून डोळ्यांना लावतात. इथे तो तोंड पुसायच्या कागदावर छापलेला होता. ताईने तसली दोन पाकिटं उचलली, तेव्हा मी आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं.

परतताना रस्त्याकडेच्या टपरीवरून चेरी घेतल्या. पिवळ्या, एका गालावर लाली असलेल्या. मी आजवर चेरी म्हणून केकवरची साखरेत मुरवलेली लाल गोळीच ओळखत होते. ही चेरी तोंडात फुटली आणि मी गाडीतच अर्धी पिशवी संपवली. चार दिवसांत घाबरायचं विसरले असेन तर ती पंधरा मिनिटं.

संध्याकाळी डॉना आली. पासष्टीची, उंच, शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त झालेली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तू टेक्सासची बहीण! तू काय आणणार आहेस?"

"काकडीचं सॅलड," ताईने माझ्या वतीने सांगितलं. "आणि मी आंब्याचं श्रीखंड."

डॉनाने दोन कोरी कार्डं टेबलावर ठेवली. प्रत्येक पदार्थाशेजारी असं कार्ड ठेवायचं, त्यावर नाव आणि आत काय-काय घातलंय ते लिहायचं, अशी तिची पद्धत होती. "माझी नात हेझल येते आहे. तिला नट्सची फार वाईट ॲलर्जी आहे. तिला वाचता येतं आता, ती स्वतः कार्ड वाचते आणि मगच घेते. त्यामुळे कृपा करून नीट लिहा."

ती गेल्यावर काकू, म्हणजे ताईच्या सासूबाई, म्हणाल्या, "काय गं बाई एकेक आजार. आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही."

"आजी, इट्स नॉट अ जोक," अन्वी म्हणाली. "हेझल कॅन डाय."

काकूंना अर्थ कळला. त्या रात्री अस्वलापेक्षा ते वाक्य जास्त वेळ डोक्यात राहिलं.

चार जुलै, सकाळ

सकाळी ताईला ऑफिसमधून फोन आला. तिच्या टीमचं काहीतरी बंद पडलं होतं, आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलायची पाळी तिचीच होती. ती लॅपटॉप घेऊन वर गेली आणि जिन्यातूनच ओरडली, "गायू, प्लीज तूच कर ना सगळं! श्रीखंडावर पिस्ते घातलेत ते काढ हां आठवणीने!"

मी ते इतक्या आठवणीने केलं. वरचे पिस्ते चमच्याने काढले, मग वाटलं की पिस्त्याचा चुरा राहिला असेल, म्हणून वरचा थरच काढून टाकला. तरी समाधान होईना, तेव्हा ते सगळं श्रीखंड घरी ठेवलं आणि साध्या श्रीखंडाचा नवीन डबा फोडून त्यात आंब्याचा रस कालवला. चारोळीची पुडी कपाटात लांब ठेवली. काजू-बदामाच्या बरण्या पिशवीत बांधून गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या. हात साबणाने दोनदा धुतले. काकू खुर्चीत बसून बघत होत्या.

"सोवळ्यातलीसुद्धा एवढं करत नाहीत हो," त्या म्हणाल्या.

मग काकडी. काकूंनी ती चोचवून दिली होती, त्यांच्या हाताला अजून ते वळण आहे. डाव्या हातात काकडी उभी धरायची, सुरीने भराभर टोचे मारायचे आणि मग कापायची. मी पाणी पिळून काढलं. ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. तुपात जिऱ्याची फोडणी. मीठ-साखर आणि बाकीचं ऐनवेळी घालायचं, नाहीतर काकडीला पाणी सुटतं.

श्रीखंड आणि काकडीची कार्डं मी आधीच लिहिली. शाळेत सुंदर अक्षरासाठी मला बक्षीस होतं. काकडी, खोबरं, मिरची, कोथिंबीर, लिंबू, तूप, जिरं, मीठ, साखर. प्रत्येक शब्द इंग्रजीत, वळणदार. एकदा वाचलं, परत वाचलं.

साडेबाराला ताई धावत खाली आली. "चल चल चल, डॉनाचा मेसेज आला." मी मीठ घातलं, साखर घातली, ओट्यावरचा डबा उघडून दोन मोठे चमचे घातले, हाताने वरखाली केलं आणि वर खोबरं-कोथिंबीर पसरली.

ओट्यावरचा तो डबा दाण्याच्या कुटाचा होता.

हे वाक्य मी आज लिहिते आहे. तेव्हा ते माझ्या मनात उमटलंच नाही. आमच्या घरी कूट हा पदार्थातला एक जिन्नस नसतो. साबुदाणा, भरली वांगी, कोशिंबीर, चटणी, सगळ्यांत तो असतोच, आणि आईला कृती विचारली तर ती तो सांगतही नाही. नट्स म्हणजे काजू, बदाम, पिस्ते, सणासुदीला बरणीतून मोजून निघणारे. कूट म्हणजे कूट. मी गॅरेजपर्यंत जाऊन आले आणि कुटाचा डबा माझ्या कोपरापाशीच होता.

चार जुलै, डॉनाच्या अंगणात

अंगण मोठं होतं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा माणसं जास्त होती. मी आत शिरताच कुंपणाचं दार कुठे आहे, ते पाहून ठेवलं. ही माझी सवय आहे. कुठेही गेले की आधी बाहेर पडायची वाट.

मधोमध कोळशाची गोल शेगडी आणि तिच्यापुढे डॉनाचा नवरा वॉल्ट, ॲप्रन बांधून, हातात लांब चिमटा. आपल्याकडे हुरडा पार्टीला आगटीभोवती सगळे बसतात, कोणीही कणीस उलटतं, कोणाच्याही हाताला चटका बसतो. इथे आग एकट्या वॉल्टची होती. दुसऱ्या कोणी चिमट्याला हात लावला नाही. पुरुष त्याच्याभोवती हातात बाटल्या घेऊन उभे होते आणि आत मांस कितपत झालंय यावर गंभीरपणे बोलत होते. त्याने कोळशावर काहीतरी शिंपडलं आणि ज्वाळा त्याच्या भुवयांपर्यंत गेली. मी दोन पावलं मागे सरले. बाकी कोणी हललंसुद्धा नाही.

आता जेवणाबद्दल. हॉट डॉग आणि बर्गर असतातच. इकडची खासियत म्हणजे लाकडाच्या फळीवर ठेवून भाजलेला सॅल्मन मासा. त्या फळीचा वास माशात उतरतो. आमच्यासाठी भाज्यांचे बर्गर वेगळ्या चंदेरी कागदावर ठेवले होते, आणि वॉल्टने ते मला लांबूनच बोट करून दाखवले, चिमटा बदलल्याचंही दाखवलं. सालीसकट भाजलेली मक्याची कणसं, पण लिंबू-तिखटाऐवजी लोणी. बटाट्याचं थंडगार सॅलड. गोड चवळीसारखी एक उसळ. काकूंनी ती चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली.

"अगं, उसळीत काकवी घातली आहे का यांनी?"

"हो आई, आणि डुकराचं मांसपण असतं त्यात," जिजू म्हणाले.

काकूंनी ताटली हळूच खुर्चीखाली ठेवली. मग जिजूंनी त्यांना रूट बिअर नावाचं एक पेय दिलं, त्यावर आईस्क्रीमचा गोळा तरंगत होता. दारू नसते त्यात. काकूंनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"निखिल, हे बाम आहे. कपाळाला लावायचं बाम."

टेबलाच्या टोकाला काचेच्या मोठ्या बरणीत लिंबाचं सरबत होतं, खाली तोटी असलेली. त्याच्या शेजारी केक. पांढऱ्या क्रीमवर स्ट्रॉबेरीच्या रांगा आणि कोपऱ्यात ब्लूबेरी, म्हणजे झेंडाच. शाळेत पंधरा ऑगस्टला आम्ही उन्हात रांगेत उभ्या असायचो, कोणीतरी चक्कर येऊन पडायची, मग घरी जाताना बाबा गरम जिलबी घ्यायचे. इथे कोणी उभं राहिलं नाही, कोणी भाषण केलं नाही. झेंडा सुरीने कापून खाल्ला.

हेझल मी लगेच ओळखली. सहा-सात वर्षांची, गुडघे खरचटलेले, मनगटावर ॲलर्जीची सूचना असलेली लाल पट्टी. कमरेला छोटी पिशवी होती, त्यात तिचं इंजेक्शन असतं असं अन्वीने मला सांगितलं. ती टेबलापाशी उभी राहून बोट ठेवत एकेक कार्ड वाचत होती. माझ्या कार्डापाशी ती थांबली. ओठ हलवत सगळं वाचलं. मग डॉनाकडे वळून म्हणाली, "ग्रॅमा, हे चालेल. मला काकडी आवडते."

डॉनानेही कार्ड वाचलं आणि तिला वाढलं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे लिहायला हवं.

मी शेगडीपाशी गेले, कारण तिथे धुरात उभं राहिलं की कोणी बोलायला येत नाही. पण वॉल्टच्या हातात माझी काकडी होती.

"हे तू केलंस?" तो म्हणाला. "मी काकडी कधी खात नाही. पण हे वेगळंच आहे. यात भाजल्यासारखं काय लागतंय?"

कूट, मी मनात म्हणाले. आणि मग मनातच त्या शब्दाचं इंग्रजी झालं.

मी वळले. अंगणाच्या पलीकडे मागच्या दाराच्या पायरीवर हेझल बसली होती, मांडीवर ताटली. तिच्या शेजारी डॉना उभी राहून एका बाईशी बोलत होती. हेझल कणीस खात होती. काकडी अजून तशीच होती.

मी चालत गेले. धावले नाही. तीस माणसांत धावणारी मुलगी सगळ्यांना दिसते. माझ्या डोक्यात त्या वेळी जे विचार आले ते सगळे लिहायची मला लाज वाटते, पण पहिला विचार हेझलचा नव्हता. पहिला विचार होता, पोलीस येतील. दुसरा, व्हिसा. मी डॉनासमोर पोहोचले आणि उभी राहिले. हेझलने कणीस खाली ठेवून काटा उचलला होता. तिने वर माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणाले, किंवा म्हणायला तोंड उघडलं. तिने काकडीचा घास घेतला.

"नको! खाऊ नको! थुंक! दाणे आहेत त्यात!"

एवढा मोठा आवाज माझा आहे, हे मला नंतर कळलं. आणि तो मराठीत होता. ताई, जिजू आणि काकू लांब टेबलापाशी होते, आणि जवळच्या कोणालाच काही समजलं नाही. समजलं फक्त अन्वीला. घरात मराठीत एक शब्दही उत्तर न देणारी ती पोरगी कुठूनतरी धावत आली आणि तिने हेझलच्या मांडीवरची ताटली उडवली. "पीनट्स! स्पिट इट आउट! हेझल, पीनट्स!"

हेझल थुंकली. पण घास अर्धा गेला होता.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. हेझल म्हणाली, "माझी जीभ खाजते आहे." मग खोकला. गळ्यावर लाल गांधी उठल्या, बघता बघता, कागदावर शाई पसरावी तशा. तिचा खालचा ओठ सुजून एका बाजूला ओघळला आणि आवाज घोगरा झाला. डॉनाने तिला आडवं केलं, पिशवीतून इंजेक्शन काढलं आणि कपड्यावरूनच मांडीत दाबून मोठ्याने आकडे मोजले. तिचा चेहरा मी पाहू शकले नाही. जिजू फोनवर पत्ता सांगत होते. कोणीतरी गाणी बंद केली. शेगडीवर काहीतरी करपत होतं आणि वॉल्ट चिमटा घेऊन पायरीपाशी उभा होता.

आधी आगीचा बंब आला, लाल, प्रचंड. मला वाटलं माझ्यासाठीच. मग ॲम्ब्युलन्स. निळ्या गणवेशातली एक बाई म्हणाली, "तिने नक्की काय खाल्लं? कोणी केलं होतं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणाले. "भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट. दोन मोठे चमचे. मी कार्डावर लिहिलं नाही."

तिने नाव विचारलं, मी सांगितलं. स्पेलिंग विचारलं, तेही सांगितलं. कागद कोणी मागितले नाहीत. डॉना ॲम्ब्युलन्समध्ये चढताना माझ्या बाजूने गेली, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

चार जुलै, संध्याकाळ

घरी आल्यावर काकूंनी कुटाचा डबा उचलला आणि बाहेरच्या मोठ्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या, डब्यासकट. तो स्टीलचा डबा त्यांनी साताऱ्याहून आणलेला होता.

"मीच ठेवला होता ओट्यावर," त्या म्हणाल्या. "सकाळी खिचडीला काढला होता."

"घातलं मी, काकू."

"हो, घातलंस तू," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बाहेर फटाके सुरू झाले. प्रत्येक आवाजाला मी दचकत होते, पण या वेळी फटाका की बंदूक असा विचार केला नाही. मी फक्त ताईच्या फोनकडे बघत होते. नऊच्या सुमारास, अजून उजेड होता तेव्हा, तो वाजला. ताईने मोठ्याने वाचलं. हेझल बरी आहे. श्वास नीट आहे. थोडा वेळ नजरेखाली ठेवून मग सोडतील. आणि खाली: "गायत्रीला सांग, तिला कळताक्षणी ती ओरडली म्हणून एकच घास गेला. मी तिची आभारी आहे."

ताई रडायला लागली. जिजू म्हणाले, "बघा, आमच्या मेव्हणीबाई एकदाच बोलल्या, पण काय बोलल्या!" सगळे हसले, पहिल्यांदाच. मीही हसले.

कळताक्षणी. मी काही बोलले नाही.

पाच जुलै

दुपारी मी एकटीच डॉनाकडे गेले. ताई येते म्हणत होती, पण मी नको म्हटलं. संध्याकाळी माझं परतीचं विमान होतं; न जाता निघता आलं असतं, आणि रस्ता ओलांडेपर्यंत मी तोच विचार करत होते.

हेझल त्याच पायरीवर बसली होती. ओठ किंचित सुजलेला. अंगणातल्या खुर्च्या तशाच पडल्या होत्या. मागे जाळीचं दार होतं, आतून भांडी लावल्याचा आवाज येत होता.

मी माफी मागितली. रस्ताभर पाठ केलेली तीन वाक्यं म्हटली. तिने ती मन लावून ऐकली.

"तू ओरडलीस ती कुठली भाषा होती?" तिने विचारलं.

"मराठी."

"अन्वीची?"

"हो."

तिने गुडघ्यावरची खपली थोडी उचलून पाहिली. "पण त्याच्या आधी तू काय म्हणालीस? मी तुझं तोंड हलताना पाहिलं. मला वाटलं, तू काहीतरी चावते आहेस."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मी हसून काहीतरी दुसरं बोलू शकले असते. तेवढं इंग्रजी मला येतं. विमान चार तासांवर होतं.

"मी म्हणाले, ते खाऊ नकोस," मी सांगितलं. "पण फार हळू म्हणाले. तुला ऐकू गेलं नाही."

जाळीचं दार उघडलं. डॉना हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तुला आधी कळलं होतं," ती म्हणाली.

"हो. वॉल्टने विचारलं तेव्हा. मी चालत आले. तुझ्यासमोर उभी होते."

"मी तुला पाहिलं. मला वाटलं, निरोप घ्यायला आली आहेस. मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत होतीस. मी तुझं वाक्य संपायची वाट बघत होते."

डॉनाच्या हातातलं फडकं हलायचं थांबलं.

"काय बोलत होते मी?"

"बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरी किती घालायची, ते."

डॉना हेझलच्या शेजारी पायरीवर बसली, एकदम, पाय दुखावल्यासारखी. तिने हेझलला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवर हनुवटी टेकवली. मी तिथेच उभी राहिले. कुंपणाचं दार माझ्या मागे होतं, उघडंच होतं.

हेझलने मान वर करून आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग मोहरी किती घालायची?" तिने विचारलं.